बल्ब नवा, वायर जुनीच!

रात्री कापडाच्या गाठी घेऊन मालेगावहून भिवंडीला येणाऱ्या टेम्पोला चांगला उजेड हवा, याबद्दल वाद नाही. पण उजेड वाढवायचा म्हणजे जादा वॅटचा बल्ब लावायचा, ही समजूत आम्हाला घातक वाटते.

साधा एच-फोर हॅलोजन बल्ब 60/55 वॅटचा असतो. 12 व्होल्टवर 60 वॅटला 5 अँपिअर करंट लागतो, 100 वॅटला 8 हून अधिक. हा भार जुन्या बारीक वायरीवर पडला की होल्डर वितळतो. मग कोणी मोठा फ्यूज टाकतो. तेव्हा फ्यूज वाचतो आणि वायर जळते. मागे माल तर कापडाचा!

खरा उपाय स्वस्त आहे. बल्ब मूळ वॅटचाच ठेवावा, बॅटरीपासून फ्यूज व रिले घालून जाड वायर आणावी. वाटेत व्होल्टेज पडत नाही, म्हणून त्याच बल्बचा उजेड वाढतो. दिवा मंद असेल तर आधी गंजलेली अर्थिंग घासावी. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नये; तेलकट डागाने बल्ब लवकर जातो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी कोंबला तर बहुधा प्रकाश विखुरतो आणि समोरच्या ड्रायव्हरचे डोळे दिपतात.

आमचे म्हणणे एवढेच : कारागिराने गिऱ्हाइकाच्या घाईपुढे झुकू नये, आणि व्यापाऱ्याने रिले-वायरीच्या मजुरीत घासाघीस करू नये. त्या मजुरीवर ड्रायव्हरचा जीव आणि आपला माल, दोन्ही अवलंबून आहेत.