पडीक नावांचा सातबारा

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वडगाव निंबाळकरच्या शिवारात ऊस उभा राहिला. उद्या याच गावातील महिलांच्या बचत गटाने आपला गूळ एखाद्या नावाने बाजारात आणायचे ठरविले आणि ते नाव दूरच्या कुणा व्यापाऱ्याने आधीच नोंदवून ठेवलेले निघाले, तर? त्या नावाने तो गुळाची एक ढेपही विकत नसेल. तरी नोंदवही त्याच्याच बाजूने बोलेल.

व्यापारचिन्ह कायदा १९९९ चा. तो अमलात आला सप्टेंबर २००३ मध्ये. त्याच्या कलम ४७ नुसार, नोंदणीनंतर सलग पाच वर्षे प्रामाणिक वापर न झालेले चिन्ह नोंदवहीतून काढता येते. अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांतील वापर जमेस धरला जात नाही, त्यामुळे ऐनवेळच्या देखाव्याला आळा बसतो. असाधारण परिस्थितीत सापडलेल्या धारकाला संरक्षणही आहे. तत्त्व न्याय्य आहे. उणीव अंमलबजावणीत आहे. चिन्ह आपोआप रद्द होत नाही. बाधित व्यक्तीनेच निबंधकांकडे वा उच्च न्यायालयात धाव घ्यायची. धारक मात्र दर दहा वर्षांनी शुल्क भरून, वापराचा कोणताही पुरावा न देता, नूतनीकरण करून घेतो. अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशातही पाचव्या ते सहाव्या वर्षाच्या दरम्यान वापराचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते!

नाव विकत घेऊन ते निजवून ठेवल्याने काय होते, हे देशाने पाहिले आहे. १९९३ मध्ये पार्लेची शीतपेये कोका-कोलाच्या हाती गेली. त्यांतील ‘गोल्ड स्पॉट’ पुढे बाजारातून दिसेनासे झाले. एका पिढीच्या जिभेवरचे स्वदेशी नाव परकीय मालकाच्या मर्जीवर विसावले. दत्तोपंत ठेंगडींच्या प्रेरणेने १९९१ मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या स्वदेशी जागरण मंचाने दिलेला इशारा अनाठायी नव्हता.

‘कसेल त्याची जमीन’ हे सूत्र महाराष्ट्राने कूळकायद्याने स्वीकारले. नावालाही तोच न्याय हवा. स्वामित्व हा केवळ अधिकार नव्हे, ते कर्तव्यही आहे, ही आपली परंपरागत धारणा. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी वापराचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे करावे आणि लहान उत्पादकांना रद्दीकरणासाठी विनामूल्य विधिसाहाय्य मिळावे. उत्पादकांनीही नाव निवडण्यापूर्वी नोंदवही तपासावी आणि आपले नाव वेळीच नोंदवावे. घाम गाळणाऱ्याच्या मालावर त्याचेच नाव असावे, एवढी साधी अपेक्षा पूर्ण करण्यास शासनाने आणखी विलंब लावू नये.