दगडफूल, शैवाके आणि गेरूचा डबा

आज शाळेतून घरी गेलात की एक काम करा. आईला किंवा आजीला विचारून गोड्या मसाल्याच्या सामानातले चिमूटभर दगडफूल मागून घ्या. एक तुकडा बशीतल्या पाण्यात टाका, एक कोरडाच ठेवा आणि दोन्ही भिंगाखाली धरा.

कोरडा तुकडा राखाडी, ठिसूळ, कडेला सुरकुतलेल्या कागदासारखा दिसेल. उलटा करा, खालची बाजू काळी दिसेल. पाण्यातला तुकडा पाच मिनिटांत चामड्यासारखा मऊ होईल, आणि माल फार जुना नसेल तर त्याच्या वरच्या बाजूवर किंचित हिरवट झाक येईल. हा हिरवा रंग कोठून आला? तो आतच होता. वरचा थर ओला झाल्यावर पारदर्शक होतो आणि त्याखाली दडलेले शैवल डोकावते. आता कोरड्या तुकड्याचा एक काठ नखाने हलकेच खरवडा. आत पांढरा, कापसासारखा थर लागेल. तो कवकाच्या तंतूंचा. म्हणजे ज्याला आपण दगडफूल म्हणतो ते फूल नव्हे, आणि बहुधा ते दगडावरून नव्हे तर झाडाच्या सालीवरून आलेले असते. ते शैवाक आहे.

बाजारातले दगडफूल ही एकच जाती असते असे समजू नका. 'पार्मोट्रेमा पर्लाटम' हे नाव पुस्तकांत सापडते, पण वाण्याच्या पुडीत त्याच्या अनेक भावंडांची आणि चुलत भावंडांची सरमिसळ असते. पर्लाटमच्या पाळीच्या काठावर पिठासारखी भुकटी दिसते. त्याचाच भाऊ 'पार्मोट्रेमा टिंक्टोरम'; त्याच्या पृष्ठभागावर भुकटीऐवजी बारीक बारीक कोंब असतात. ही दोघे ओळखायची एक सोपी रासायनिक कसोटी आहे. शिक्षक समोर असतील तरच ती करा. ब्लीचिंग पावडरीच्या ताज्या द्रावणाचा एक थेंब आतल्या पांढऱ्या थरावर सोडायचा. टिंक्टोरम असेल तर तो थर लाल होतो, पर्लाटम असेल तर काही होत नाही. जगभरातले शैवाकतज्ज्ञ आजही ही कसोटी वापरतात. एवढी स्वस्त आणि इतकी खरी प्रयोगशाळा स्वयंपाकघरात असताना आपण 'शैवाक म्हणजे कवक आणि शैवल यांचे सहजीवन' हे एक वाक्य पाठ करून परीक्षेला बसतो, याचे मला नवल वाटते.

त्या वाक्यामागे केवढे भांडण झाले होते ते तरी माहीत हवे. सायमन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६७ मध्ये मांडले की शैवाक हा एक जीव नसून दोन जीवांची जोडी आहे. त्याच्या मते कवक हा मालक आणि शैवल हे त्याचे गुलाम. त्या काळचे नामवंत शैवाकतज्ज्ञ खवळले. जन्मभर ज्याचा अभ्यास केला तो एक स्वतंत्र जीवच नाही, हे कसे मानायचे? आपल्या पाठ्यपुस्तकांनी मात्र मालक-गुलामांची ही जोडी केव्हाच मित्रांची करून टाकली आहे. मला विचाराल तर दोन्ही चित्रे माणसाच्या मापाने काढलेली आहेत. शैवल प्रकाशसंश्लेषणाने साखर तयार करते, तिचा मोठा वाटा कवक घेते. कवक घर देते, ओलावा धरते, कडक उन्हापासून आडोसा करते. एवढे म्हणावे आणि थांबावे. शिवाय २०१६ मध्ये काही शैवाकांच्या बाह्य थरात यीस्टच्या रूपातले आणखी एक कवक सापडले. म्हणजे 'दोघांची जोडी' हेही सगळीकडे खरे नाही.

आता वाढीविषयी. शैवाकाला मुळे नाहीत. खालच्या बाजूचे काळे धागे फक्त साल पकडून ठेवतात, झाडाचा रस शोषत नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण 'झाडाला बुरशी लागली' म्हणून शैवाके खरवडून काढणारे लोक मी पाहिले आहेत. पाणी पाऊस, धुके, दव यांतून, क्षार पावसातून आणि धुळीतून, अन्न उजेडातून. पाणी संपले की शैवाक वाळते, त्याचे जीवनव्यवहार जवळजवळ थांबतात. पाणी मिळाले की पुन्हा सुरू. पानासारखी शैवाके वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात, खडकाला चिकटलेली कित्येक तर एका मिलिमीटरपेक्षाही कमी. तळहाताएवढे दगडफूल ही अनेक वर्षांची कमाई असते.

पुनरुत्पादनाची अडचण तर मोठी गमतीची आहे. कवक आपली बीजुके वाऱ्यावर सोडते, पण बीजुकात शैवल नसते. ते जिथे पडेल तिथे योग्य जातीचे शैवल भेटले तर संसार, नाहीतर शेवट. म्हणून अनेक शैवाकांनी दुसरी वाट धरली आहे. पर्लाटमच्या काठावरची ती भुकटी आठवते? तिच्या प्रत्येक कणात शैवलाच्या काही पेशी कवकाच्या तंतूंत गुंडाळलेल्या असतात. वाऱ्याने, पावसाच्या थेंबाने किंवा मुंगीच्या पायाला लागून तो कण दुसऱ्या फांदीवर गेला की नवे शैवाक सुरू. शिदोरी बरोबर घेऊनच निघालेला प्रवासी म्हणा ना! टिंक्टोरमचे कोंब मोडून पडतात आणि तेच काम करतात.

दगडफुलाची शेती होत नाही. काळ्या मसाल्यात, मालवणी मसाल्यात, दक्षिणेत चेट्टिनाड पदार्थांत, शिवाय अत्तरांत आणि हवनसामग्रीत जे दगडफूल जाते ते रानातून गोळा केलेले असते. त्यातला मोठा भाग हिमालयातल्या जंगलांतून येतो. मसाल्यात दगडफूल घालू नका असे मी म्हणणार नाही. मसाल्याला ते चिमूटभरच लागते, आणि त्यावाचून गोडा मसाला कसला! पण जे इतके सावकाश वाढते आणि ज्याची लागवड आपल्याला जमलेली नाही, ते केवळ वहीत चिकटवण्यासाठी खरवडावे काय? 'पाच शैवाके गोळा करून आणा' असा प्रकल्प देणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की तो मागे घ्या. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तर परवानगीशिवाय झाडाची सालही काढणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग आहे. नमुना हवाच असेल तर मसाल्याचा डबा आहेच. संग्रहच पाहायचा असेल तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांचा मोठा संग्रह आहे, प. ग. पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या शैवाकांचा अभ्यास तिथेच उभा केला.

तुम्ही लिटमस कागद वापरता ना? तो रंगही शैवाकाचाच. 'रोसेला' या समुद्रकाठच्या शैवाकांना अमोनियात मुरवून तो काढत असत. प्रयोगशाळेत लाल-निळ्याचा खेळ करताना हे आठवले तर बरे.

आता उपनगरांकडे येऊ. महाबळेश्वर किंवा आंबोलीसारखी मोठी, पानासारखी शैवाके अंधेरी-घाटकोपरच्या रस्त्यांवर शोधू नका, निराश व्हाल. आपल्याकडे बहुतेक सालीला रंगाच्या थरासारखी चिकटलेली शैवाके भेटतात. आंब्याच्या किंवा नारळाच्या खोडावर पांढुरके, राखाडी, फिकट हिरवे गोल डाग दिसतात. ते कोणी चुना उडवलेला नसतो. भिंगातून पाहिले तर त्यांवर काळे ठिपके किंवा अक्षरांसारख्या बारीक रेघा सापडतात. ही त्यांच्या कवकाची बीजुके तयार करणारी अंगे.

शैवाके हवेची साक्ष देतात हे तुम्ही वाचले असेल. विल्यम नायलँडर याने १८६६ मध्येच पॅरिसच्या लक्झेंबुर्ग बागेतल्या शैवाकांवरून हे दाखवले. कारण सरळ आहे. पानावर असते तसे मेणाचे आवरण यांना नाही, मिटता येतील अशी छिद्रे नाहीत, आणि पानगळीत विष टाकून देण्याची सोयही नाही. हवेतले, पावसातले जे येईल ते आत जाते आणि साठते. १९८६ मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला तेव्हा त्यातले किरणोत्सारी सीझियम दूर स्वीडन-नॉर्वेतल्या शैवाकांत साठले, त्यांच्यावर चरणाऱ्या रेनडिअरांत उतरले, आणि त्यांचे मांस टाकून द्यावे लागले.

पण येथे एक इशारा. 'शैवाक आहे म्हणजे हवा शुद्ध, नाही म्हणजे अशुद्ध' हे समीकरण फार ढोबळ आहे, आणि प्रदर्शनातल्या तक्त्यांवर तेच पुन्हा पुन्हा दिसते. काही शैवाके प्रदूषण चांगलेच सोसतात. लंडनमध्ये गंधकाचा धूर कमी झाल्यावर शैवाके परतली, पण त्यांत नायट्रोजन मानवणारी बरीच होती. निलगिरीची साल सोलून पडते, तिच्यावर शैवाक टिकणार कसे? सावली फार असेल, खोडावरून पाणी वाहत नसेल, झाड कोवळे असेल, तरी शैवाक नसते. हॉक्सवर्थ आणि रोज यांनी १९७० मध्ये इंग्लंड-वेल्ससाठी केलेला तक्ता जसाच्या तसा मुंबईला लावणे म्हणजे लंडनच्या पावसाळी कोटाचे माप घेऊन घाटकोपरला शर्ट शिवण्यासारखे आहे.

मग काय करावे? मुलुंड पश्चिमेला शाळा असेल तर तुम्ही भाग्यवान. लालबहादूर शास्त्री मार्गावरून निघून डोंगराच्या दिशेने चालत गेलात की थोड्याच अंतरात राष्ट्रीय उद्यानाचा उतार लागतो. या वाटेवरची फक्त आंब्याची, जवळपास सारख्या घेराची झाडे निवडा. पारदर्शक कागदावर १० सेंटिमीटर बाजूचा चौरस आखून त्यात १०० घरे पाडा. तो जमिनीपासून दीड मीटरवर खोडाला लावा आणि किती घरांत शैवाक आहे ते मोजा. खोडाच्या चारही बाजूंना. रस्त्यापासूनचे अंतर लिहा. नाव माहीत नसेल तर 'राखाडी, काळ्या ठिपक्यांचे' एवढे पुरे. चित्र काढा, खरवडू नका. अंधेरीच्या आणि बोरिवलीच्या शाळांनी याच पद्धतीने मोजले तर आकडे एकमेकांशी ताडता येतील. दर वर्षी तीच झाडे मोजली तर त्याहून उत्तम.

आणि नेमकी येथेच गेरूच्या डब्याशी गाठ पडते. आपल्याकडे स्वच्छतेची मोहीम निघाली, पाहुणे यायचे झाले, की पहिले काम म्हणजे झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना फासणे. वाळवी लागू नये म्हणून, रात्री वाहनचालकाला झाड दिसावे म्हणून, अशी कारणे देतात. रहदारीच्या रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्याचा उपयोग मी मान्य करतो. पण शाळेच्या आवारात कोणती वाहने धावतात? सोसायटीच्या मागच्या अंगणात, बागेत? तिथे तो रंग केवळ टापटिपीसाठी असतो. त्याखाली उजेड तुटतो, चुन्याचा दाह होतो आणि पंधरा-वीस वर्षांत जमलेला डाग एका दुपारी संपतो. नेमका दीड मीटरपर्यंत, म्हणजे आपण जिथे मोजणार तिथेच! मग त्या झाडावर शैवाक का नाही, हवेमुळे की डब्यामुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही.

खडकाचे प्रश्न निराळे आहेत. गिल्बर्ट टेकडीच्या बेसाल्टवर शैवाक असेल तर त्याला हात लावू नये. कान्हेरीतला एखादा कोरीव लेख त्याखाली झिजत असेल तर तो तज्ज्ञांनी साफ करावा, आपण नव्हे. झाडांच्या बाबतीत मात्र अशी कोणतीच अडचण नाही.

तेव्हा पुढच्या वेळी शाळेत रंगाचे डबे आले की मुख्याध्यापकांकडे एवढेच मागा : आवारातली निदान पाच झाडे वगळा. त्यांना पुठ्ठ्याचा क्रमांक सुतळीने बांधा, खिळा ठोकू नका. पहिली मोजणी पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात करा; तेव्हा साल ओलसर असते आणि डाग स्पष्ट दिसतात. नोंद पेन्सिलीने लिहा, शाई पावसात पसरते.