वळूला मिळते, मजुराला का नाही?
अमडापूरसारख्या गावातील गोठ्यापर्यंत वळूचे वीर्य उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून पोचते. सरकारी तिजोरी त्याचा भार उचलते. ते योग्यच आहे. परंतु कर्करोगग्रस्त तरुण शेतमजुराला सायक्लोफॉस्फामाइडसारखे औषध कायमचे वंध्यत्व देऊ शकते आणि उपचारापूर्वी त्याचेही वीर्य असेच जपता येते, हे त्याला कोण सांगतो? गोठवलेल्या वीर्यापासून मानवी गर्भधारणा १९५३ सालीच सिद्ध झाली. तरीही २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने प्रजननविषयक उपचार वगळले. म्हणजे पितृत्वही ज्याच्या त्याच्या खिशावर! वीर्यजतन ही चैन नव्हे, कर्करोगोपचाराचेच अंग आहे. त्याचा खर्च शासनाने उचलावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव उठवली पाहिजे.