इगर्ज, चर्च की मंडळी?

१/ मराठीत चर्चसाठी तीन शब्द आहेत : पोर्तुगीजांमागून आलेला 'इगर्ज', इंग्रजीतून आलेला 'चर्च' आणि मराठी बायबलातला 'मंडळी'. पहिले दोन ऐकताच डोळ्यांपुढे इमारत उभी राहते. तिसरा उच्चारताच माणसे दिसतात. आजच्या काळात चर्चचे प्रयोजन काय, या प्रश्नाचे उत्तर या तिसऱ्या शब्दात आहे, असे माझे मत आहे. त्यासाठी हा थ्रेड.

२/ मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया', म्हणजे नागरिकांची सभा. ('इगर्ज' हाही त्याचाच दूरचा वंशज.) अथेन्सच्या सभेत स्त्रिया, गुलाम आणि परके यांना स्थान नव्हते. पहिल्या शतकातील ख्रिस्तानुयायांनी शब्द तोच घेतला. पण दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष हे भेद ख्रिस्ताठायी उरत नाहीत, असे पौलाने गलतीकरांस लिहिले. सभेचे नाव तेच राहिले, दार मात्र रुंदावले.

३/ ही सभा प्रामुख्याने लोकांच्या घरी भरत असे. भव्य वास्तूंचे युग चौथ्या शतकात, कॉन्स्टंटाइनच्या राजाश्रयानंतर आले. तेव्हापासून प्रत्येक पिढीपुढे एकच पेच आहे : संस्था सांभाळायची की सभा? महाराष्ट्रातील तीन व्यक्तींनी हा पेच कसा सोडवला, ते पाहू.

४/ पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी अँग्लिकन धर्माधिकाऱ्यांची प्रत्येक आज्ञा त्यांनी मानली नाही. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या जोखडाखाली जाणे त्यांना मंजूर नव्हते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी निराधार मुली-स्त्रियांना आश्रय दिला आणि केडगावचे 'मुक्ती' वाढत गेले. तेथे स्त्रिया छापखानाही चालवीत.

५/ रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनची अनेक वर्षे सेवा. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र बसतील, अशी ती कल्पना होती. सभासदांच्या नोंदवहीपेक्षा माणसांची ओढ त्यांना मोलाची वाटली. दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, त्यांचे निधन झाले.

६/ फादर फ्रान्सिस दिब्रिटो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईची शेती, पाणी आणि हिरवाई वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या चळवळीचे त्यांनी नेतृत्व केले. विहिरीचे पाणी आटते तेव्हा ते ख्रिस्त्याचे आणि हिंदूचे वेगवेगळे आटत नाही. म्हणूनच ती लढाई साऱ्या गावाची झाली. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

७/ तिघांचे स्वभाव भिन्न, काळ भिन्न, पंथही भिन्न. साम्य एकच : उंबऱ्याबाहेरच्या माणसाकडे पाहून त्यांनी आतल्या व्यवस्थेचे मोजमाप केले.

८/ येथे एक रास्त आक्षेप येतो. अन्नछत्रे, शाळा, दवाखाने इतरही चालवतात. मग चर्च हवेच कशाला? माझे उत्तर : सेवेत देणारा उभा असतो आणि घेणारा बसलेला. प्रभुभोजनात मात्र सगळे घेणारेच असतात, एकाच भाकरीचे वाटेकरी. स्पर्शाचा विटाळ मानणाऱ्या समाजात ही गोष्ट लहान नव्हती. मंडळीचे वेगळेपण तिथे आहे.

९/ म्हणूनच तिचे अपयशही तिथेच सर्वाधिक बोचते. जात उंबरा ओलांडून आत आली. २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या धोरणपत्रात मंडळीतील अस्पृश्यतेची कबुली दिली. दुसरीकडे १९५० च्या राष्ट्रपती आदेशाच्या कक्षेत १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध दलित आले. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. धर्मांतराने जात जाते, असे कायदा गृहीत धरतो. गावातले लोक ती विसरत नाहीत.

१०/ तरीही वाट बंद नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा पंथ एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. बाप्तिस्मा बालपणी की जाणतेपणी, यावर युरोपात माणसे जिवानिशी गेली होती. नागपूरला दोन्ही पद्धतींना एकाच छताखाली जागा मिळाली. पंथांच्या भिंती उतरवता येतात, तर जातीच्या का नाही?

११/ मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, धर्मशास्त्राचा नव्हे. पण अभिलेखांतून एवढे दिसते की जमिनीचे दावे आणि पदांची भांडणे यांत अडकलेली संस्था टिकते, तिची मंडळी मात्र विरत जाते. चर्चची कसोटी रविवारी बाके किती भरली यात नाही. शेजारच्या बाकावर कोण बसू शकते, यात आहे.

१२/ आपल्याकडे दारात पाहुणे आले की 'या मंडळी' म्हणतात. जात विचारून मग नव्हे, निदान विचारू नये. बायबलच्या भाषांतरकारांनी हाच शब्द निवडला. चर्चने तो नुसता वाचू नये, दारात उभे राहून म्हणावा.

तुमच्या गावातील चर्चचा इतिहास ठाऊक असेल, तर खाली अवश्य लिहा.