तीन आणि चार यांच्या दरम्यान

गेल्या महिन्यात एके सायंकाळी सातवीतील एक मुलगी वही छातीशी धरून आमच्याकडे आली. "फादर, मला गणित येतच नाही," हा निकाल तिने स्वतःच देऊन टाकला होता. वहीत तांबडी फुली होती. प्रश्न असा: "३ आणि ४ यांच्या दरम्यान घड्याळाचे काटे परस्परांशी काटकोन केव्हा करतील?" तिने दोन उत्तरे लिहिली होती: ठीक ३ वाजता, आणि ३ वाजून ३२ ८/११ मिनिटांनी. गुरुजींच्या मते दुसरे तेवढेच खरे.

आम्ही रीत पुन्हा ताडून पाहिली. ३ वाजता तासकाटा मिनिटकाट्याच्या १५ घरे पुढे असतो. काटकोन झालेलाच आहे. पुढचा काटकोन होण्यास मिनिटकाट्याने त्याला गाठून आणखी १५ घरे पुढे जावयास हवे, म्हणजे एकंदर ३० घरे कमवावयास हवीत. ६० मिनिटांत तो ५५ घरे कमावतो, म्हणून ३० घरांस ३२ ८/११ मिनिटे. मुलीचे गणित बिनचूक होते. घोटाळा होता तो "दरम्यान" या शब्दात. तीनचा ठोका त्यात धरावयाचा की वगळावयाचा, हे प्रश्नकर्त्याने सांगितलेच नव्हते.

वाचकहो, हा नुसता शब्दच्छल नव्हे. २ ते ३ या तासातही दोन काटकोन मिळतात: २ वाजून २७ ३/११ मिनिटांनी आणि ठीक ३ वाजता. म्हणजे तीनचा ठोका दोन्ही तासांत मोजला जातो. नऊच्या ठोक्याचेही तसेच. म्हणूनच दर तासास दोन या हिशेबाने १२ तासांत २४ काटकोन सांगणारा फसतो. खरी संख्या २२, आणि अहोरात्रात ४४.

दुसरा फसवा शब्दप्रयोग "मिनिटांचे अंतर" हा. "४ आणि ५ यांच्या दरम्यान काट्यांत १० मिनिटांचे अंतर केव्हा असेल?" येथे मिनिट म्हणजे काळ नव्हे, तबकडीवरील घर, १० घरे म्हणजे ६० अंश. शिवाय उत्तरे दोन आहेत: मिनिटकाटा मागे असताना ४ वाजून १० १०/११ मिनिटे, आणि तो पुढे गेल्यावर ४ वाजून ३२ ८/११ मिनिटे. नुसते "केव्हा" विचारले की मुले पहिले उत्तर काढून थांबतात, आणि त्यात त्यांचा फारसा दोष आहे असे आम्हांस वाटत नाही.

साडेतीनला ९० अंश लिहिणाऱ्यांची गोष्ट मात्र निराळी. तासकाटाही तीन सोडून चारच्या वाटेवर निम्मा सरकलेला असतो. कोन ७५ अंशांचाच. तेथे शब्दांना बोल लावून चालणार नाही.

सोमवारी ती मुलगी वही घेऊन गुरुजींकडे गेली. गुण काही वाढला नाही. पण पुढच्या चाचणीत तोच प्रश्न "३ वाजल्यानंतर व ४ वाजण्यापूर्वी" असा छापून आला.