सूर्य फुकट आहे, संध्याकाळ महाग आहे

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. आकडे आहेत, पण ते समजतील असेच आहेत.

झालं असं, की आमच्या घरच्या ग्रुपवर सोलरवरून जुंपली. पुण्यातल्या चुलतभावाने गच्चीवर 3 किलोवॅटचे पॅनल बसवलेत, लाईट बिल जवळपास शून्यावर आलंय. त्याने बिलाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "सगळा देश सोलरवर टाका, कोळसा बंद करा, विषय संपला." आमचे मामा औष्णिक वीज केंद्रातून रिटायर झालेत. त्यांनी लगेच उत्तर दिलं, "ढग आले की तुमची वीज गेली. देश असा चालत नसतो." पुढचे दोन दिवस दोन्हीकडून फॉरवर्डचा मारा.

तिसऱ्या दिवशी आबांचा व्हॉइस मेसेज आला. आबा म्हणजे माझे चुलते, शिरूरकडे शेती करतात, ग्रुपवर कधी बोलत नाहीत. म्हणाले, "तुमचं चालू द्या. आमची या आठवड्यात रातपाळी हाय. लाईट बाराला येती. परवा मळ्याच्या कडंला बिबट्या दिसला. दारं धरायला एकटं जाऊ वाटंना."

ग्रुप गप्प झाला. मला वाटतं, सोलर देशाच्या पातळीवर जमेल का, या प्रश्नाचं उत्तर आबांच्या त्या मेसेजमध्ये आहे. पण आधी मामा आणि दादा, दोघांचाही हिशोब करू.

मामा कुठे चुकतात

सोलर महाग आहे, हे आता जुनं झालं. 2010 मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं, तेव्हा पहिल्या लिलावांत एका युनिटचा दर 11-12 रुपयांच्या घरात होता. 2017 मध्ये राजस्थानातल्या भडला पार्कसाठी 2 रुपये 44 पैसे दर आला. डिसेंबर 2020 मध्ये गुजरातच्या लिलावात तो 1 रुपया 99 पैशांवर गेला. आज नवं कोळशाचं केंद्र उभारून या भावात वीज देऊन दाखवा, असं कुणालाही सांगा. जमणार नाही.

जागा पुरणार नाही, हा दुसरा आक्षेप. करू हिशोब. देशात वर्षाला साधारण 1,800 अब्ज युनिट वीज तयार होते. एक मेगावॅटचा सोलर प्रकल्प वर्षाला ढोबळमानाने 15 लाख युनिट देतो आणि त्याला 4 ते 5 एकर जागा लागते. म्हणजे सगळीच्या सगळी वीज सोलरने करायची म्हटली, तरी 20 ते 25 हजार चौरस किलोमीटर. आपला नगर जिल्हा 17 हजार चौरस किलोमीटरचा आहे. सव्वा ते दीड नगर जिल्हा, एवढ्यात अख्खा देश! त्यामुळे देशाला जागा कमी पडते असं नाही. कुणाची जागा जाते, हा प्रश्न आहे. त्यावर खाली बोलतो.

आणि मामा, कोळशाची वीज म्हणजे कायमची खात्रीची, असंही नाही. 2013 च्या दुष्काळात परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा नव्हता म्हणून नाही, पाणी नव्हतं म्हणून. कोळशाला पाणी लागतं, भरपूर लागतं. पॅनलला धुण्यापुरतं लागतं. मराठवाड्यातल्या माणसाला हा फरक समजावून सांगायची गरज नाही.

वेगाचंही बघा. 2022 पर्यंत 100 गीगावॅट सोलर करायचं, असं 2015 मध्ये ठरलं. ते वेळेत झालं नाही, हे मान्य. पण जानेवारी 2025 मध्ये आपण तो टप्पा गाठला. दोनेक वर्षं उशीर झाला, पण काम झालं.

दादा कुठे चुकतो

आता दादाची पाळी. दादा, तुझं बिल शून्य येतं, अभिनंदन. पण रात्री तुझा एसी कशावर चालतो? गच्चीवर तर अंधार असतो. तुझी दुपारची जास्तीची वीज ग्रीडमध्ये जाते आणि रात्री तू ग्रीडमधून परत घेतोस. मीटर वजाबाकी करतं, म्हणून तुला वाटतं तू सोलरवर आहेस. खरं तर रात्री तू चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावर असतोस. ग्रीड ही तुझी फुकटची बॅटरी आहे. गल्लीत पाच घरांनी हे केलं तर चालून जातं. सगळ्या शहराने केलं, तर दुपारी वीज ठेवायला जागा नाही आणि रात्री द्यायला वीज नाही.

म्हणून पेपरात क्षमतेचा आकडा वाचताना जपून. मार्च 2025 ला देशाच्या एकूण वीजक्षमतेत सोलरचा वाटा पाचव्या हिश्शाहून जास्त होता. पण 2024-25 या वर्षात प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत सोलर फक्त 8 टक्क्यांच्या आसपास. कोळसा 70 टक्क्यांहून जास्त. कारण सोपं आहे. रात्री उत्पादन शून्य, सकाळ-संध्याकाळ थोडं, आषाढ-श्रावणात आणखी कमी. मेगावॅट ही ताकद झाली, आपल्याला लागतात युनिट.

30 मे 2024 ला देशाची मागणी 250 गीगावॅटला टेकली, आजवरचा तेव्हाचा विक्रम. ती वेळ भर दुपारची होती, सोलर जोरात होतं, निभावलं. खरी परीक्षा संध्याकाळी सात ते दहा. सूर्य गेलेला असतो, आणि घरोघरी दिवे, पंखे, एसी, टीव्ही एकदम सुरू होतात.

मग साठवा ना वीज! साठवता येते. आपल्याकडे घाटघरला हेच होतं. जादा वीज असेल तेव्हा पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि गरज लागली की खाली सोडून 250 मेगावॅट वीज करायची. पण हे केंद्र सहा तास पूर्ण ताकदीने चालवलं, तरी 15 लाख युनिट होतात. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत देशाला दोनशे कोटींहून जास्त युनिट लागतात. म्हणजे तेराशेच्या वर घाटघर हवेत! सह्याद्रीत नवे प्रकल्प येतायत, बॅटऱ्याही स्वस्त होतायत. काही भार पवनऊर्जा, काही कोयनेसारखी जलविद्युत, काही अणुऊर्जा उचलेल. पण "कोळसा बंद, विषय संपला" हे स्टेटसला ठीक आहे.

5 एप्रिल 2020 आठवतोय? रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद. तेव्हा देशाची मागणी सुमारे 31 हजार मेगावॅटने पडली आणि काही मिनिटांत परत चढली. ग्रीड कोसळलं नाही, कारण जलविद्युत केंद्रांनी झटपट उत्पादन कमी केलं आणि पुन्हा वाढवलं. सूर्य मावळताना असाच उतार-चढाव रोज येणार आहे, आणि तो दरवर्षी मोठा होणार आहे. तो झेलणारी यंत्रणा उभी करायला पैसा लागतो. तो पैसा 2 रुपयांच्या दरात धरलेला नसतो. म्हणून म्हणतो, सूर्य फुकट आहे, संध्याकाळ महाग आहे.

तारांचाही खर्च आहेच. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची लाईन जोडली गेली आणि दक्षिण भारत उर्वरित देशाच्या ग्रीडशी एक झाला. आपल्या सोलापूरचा हा मान फारसा कुणाला माहीत नाही. पण आज राजस्थानात पॅनल उभे आहेत आणि वीज बाहेर न्यायला पुरेशा लाईनी नाहीत, म्हणून ऐन उन्हात प्रकल्पांना उत्पादन कमी करायला सांगावं लागतं. पॅनल वर्षभरात उभे राहतात. लाईनीला चार-पाच वर्षं जातात.

आता आबांचं

दोघांचं भांडण एकाच गोष्टीवर अडतं. दिवसाची वीज रात्री कशी न्यायची? पण प्रश्न उलटा विचारून बघा. रात्रीचं कुठलं काम दिवसा आणता येईल?

दिवाबत्ती दिवसा आणता येत नाही. रात्रीचा स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, हॉस्पिटल, तेही नाही. पण शेताला पाणी द्यायचं काम दिवसाच व्हायला हवं. ते रात्री का गेलं? शेतकऱ्याला हौस होती म्हणून नाही. दिवसा उद्योग आणि शहरांना वीज हवी असते, म्हणून उरलेली रात्रीची वीज शेतीच्या माथी. दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, आलटून पालटून आठवडे. पौष महिन्याच्या थंडीत, बॅटरी हातात घेऊन, साप, विंचू, आता बिबट्या. सकाळी मोटर जळालेली निघाली तर तो खर्च वेगळा.

देशात वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी साधारण सहावा हिस्सा शेतीचा आहे. महाराष्ट्रात शेतीपंप 45 लाखांच्या आसपास आहेत. एवढा मोठा भार दिवसा हलवता येतो, त्याला बॅटरी लागत नाही, राजस्थानहून लाईन लागत नाही. दुपारी पाणी वाफ्यात गेलं, काम झालं. शेत हीच बॅटरी.

हे मी काही नवं सांगत नाहीये. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ची आहे आणि 2023 पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. सबस्टेशनजवळच्या जागेवर छोटे सोलर प्रकल्प उभारायचे आणि तिथली वीज थेट शेतीच्या फीडरला द्यायची. उद्दिष्ट 16 हजार मेगावॅटचं. पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावला 2024 मध्ये सुरू झाला. वीज मिळते युनिटला तीन रुपयांच्या आसपास. एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे, म्हणजे हा खर्च शेवटी सरकारी तिजोरीवर आणि इतर ग्राहकांच्या बिलावर पडतो. तो तीन रुपयांचा असणं आपल्या सगळ्यांच्याच फायद्याचं आहे.

देशपातळीवर सोलर जमवायचं, तर माझ्या मते सुरुवात इथून व्हायला हवी. वाळवंटातल्या मोठ्या पार्कचे ड्रोन व्हिडिओ दिसायला भारी. पण प्रत्येक तालुक्यात सबस्टेशनशेजारी पाच-दहा मेगावॅट, हे जास्त व्यवहाराचं. लाईनीत वीज वाया जात नाही, रात्रीचा भार कमी होतो आणि माणसं झोपतात.

पण...

आबांच्या शेजारच्या गावाला आता दिवसा लाईट असते. आबांच्या गावाला नाही. कारण काय? प्रकल्पासाठी गायरान दाखवलं आणि ग्रामसभेने विरोध केला. बाहेरून बघणारा म्हणेल, अडाणी लोक, विकास नको यांना. पण त्या गायरानावर गावातल्या भूमिहीन घरांच्या शेळ्या-मेंढ्या चरतात. त्यांच्याकडे पंपच नाही. दिवसाच्या विजेचा फायदा बागायतदाराला आणि जमीन जाणार मेंढपाळाची. त्यांनी नाही म्हटलं, यात काय चुकलं?

योजनेत खासगी जमीनही भाड्याने घेता येते, वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये, दरवर्षी तीन टक्के वाढ. मुरमाड, पडीक जमिनीला हे भाडं वाईट नाही. कर्नाटकातलं पावागडाचं 2,050 मेगावॅटचं सोलर पार्क शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतलेल्या जमिनीवरच उभं आहे. मग गायरानावर आधी डोळा का? सरकारी जागा सोपी पडते म्हणून. हाच सोपेपणा पुढे प्रकल्प अडवतो.

दुसरं, देखभाल. पॅनलवर धूळ बसते, केबल चोरीला जाते, इन्व्हर्टर बिघडतो. उद्घाटनाला फीत कापायला सगळे, पण बिघाड झाला तर किती दिवसांत माणूस येणार, हे गावातल्या बोर्डावर लिहिलेलं असावं. वैयक्तिक सोलर पंप घेतलेल्या अनेकांची तक्रार हीच आहे, की कंपनीचा फोन लागत नाही. पंप शेतकऱ्याच्या गळ्यात मारून मोकळं व्हायचं, त्यापेक्षा फीडर सोलर बरा. तिथे जबाबदारी एका जागी राहते.

तिसरं, भूजल. दिवसा मोफत वीज मिळाली की मोटर थांबणार नाही. बोअर आटले तर विजेचं काय लोणचं घालायचं? पाण्याचा हिशोब सोबत हवाच.

तर माझं मत थोडक्यात. सोलर देशपातळीवर व्यवहार्य आहे, दिवसाच्या कामासाठी आज, आत्ता. संध्याकाळसाठी अजून नाही. तिथे साठवण, लाईनी आणि काही वर्षं कोळसाही लागणार, मामा निवांत राहा. आणि दादा, तुझं वॉशिंग मशीन, गिझर, गाडीचं चार्जिंग रात्रीऐवजी दुपारी लाव. कोळसा बंद करायला तुझा तेवढा हातभार लागेल.

पण या देशात सोलर यशस्वी झालं का, हे मी गीगावॅटमध्ये मोजणार नाही. आबांची रातपाळी संपली का, एवढंच बघणार आहे.

तुमच्या गावच्या फीडरला दिवसा लाईट असते की रात्री? तालुक्याच्या नावासकट लिहा. कुणाच्या गावात जागेचा प्रश्न नीट सुटला असेल, तर तो कसा सुटला, तेही सांगा. आबांच्या ग्रामसभेत सांगायला मला उपयोगी पडेल.