त्याच चौकात

युद्धे सीमांच्या वादातून उद्‌भवतात, असे आपण शाळेपासून घोकत आलो. आम्हां कारकुनांना मात्र पुरते ठाऊक आहे की, टिपणीत लिहिलेले कारण निराळे आणि खरे निराळे! फॉकलंड बेटांवरील अर्जेंटिनाचा दावा १८३३ पासूनचा. मग दीडशे वर्षांनी, १९८२ सालीच तो एकाएकी अनावर का व्हावा? तेथे १९७६ पासून लष्करशहांचे राज्य होते. हजारो माणसे ‘बेपत्ता’ झाली होती, वर्षभरात किमती दुपटीहून अधिक चढल्या होत्या. ३० मार्चला ब्यूनोस आयर्सच्या मे चौकात भाकरी आणि काम मागणाऱ्या कामगारांना पोलिसांनी झोडपून काढले. २ एप्रिलला सैन्य बेटांवर उतरले आणि त्याच चौकात जयजयकार उसळला! मोहिमेचा बेत मोर्च्याच्या आधीच शिजला होता, असा आक्षेप कोणी घेतील. शिजला होताच, असंतोष तरी कुठे त्या दिवशी जन्मला होता? अर्जेंटिनाचे ६४९ जण मेले. त्यांत सक्तीने भरती केलेली कोवळी पोरे किती! १४ जूनला शरणागती पत्करावी लागली. दुसऱ्या दिवशी लोक जाब विचारण्यास त्याच चौकात जमले, तेव्हा त्यांच्यावर अश्रुधूर सोडण्यात आला.